कादंबरीतला बसलेला माणूस

बायको गेल्यावर मले सकाळी उठावंसंच वाटेना. काहून उठायचं, कोणासाठी? कॉलेजात शिकणारी नात म्हणाली, "आबाजी, हाच प्रश्न पडलेल्या माणसाची कादंबरी आहे. वाचून दाखवते."

तो माणूस पानोपानी खोलीत बसून जगण्याचा अर्थ शोधत होता. मी चौथी शिकलेला, मले रागच आला. "काहून वं, याच्या कूलरमध्ये पाणी कोण भरते?"

नात हसत सुटली. "पुस्तकात नाही लिहिलं. आपल्या घरी कोण भरते?"

इतकी वर्षं बायकोच भरायची. आता कूलर कोरडा पडून गरम हवा फेकत होता. मी बादली घेऊन उठलो. पाणी ओतल्यावर खसचा गार वास घरभर पसरला. अर्थबिर्थ काही सापडला नाही, पण बरं वाटलं.

"पुढचं वाचू?"

"वाच. पण तो असाच बसून राहिला, त मी मधातच बोलीन."