गच्चीवर अंथरलेलं आतडं

माणसाच्या पोटात शिरून वाट शोधणारा याच्यासारखा दुसरा माणूस उभ्या राजस्थानात नसेल, हे मी छातीठोकपणे सांगते; आणि मला वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही, हेही त्याच दमात सांगून टाकते. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा हा डॉक्टर. याचे वडील ह्यांच्याबरोबर विमा कंपनीत होते, नागपूरहून बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. पोरगा इथंच जन्मला, त्यामुळे त्याचं मराठी 'मतलब'नं सुरू होतं आणि 'ना काकू'नं संपतं. काम काय, तर तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीतले खडे काढायचे. त्यातही ज्यांच्या पोटाचं आधी एखादं मोठं ऑपरेशन झालंय, अशी माणसं त्याला भारी प्रिय. बाकीचे डॉक्टर ज्यांना हात जोडून परत पाठवतात, ती सगळी याच्या दारात.

कुणाच्या पोटावर जुना व्रण आहे असं नुसतं कानावर आलं, की याची कळी खुलते. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती संपते न संपते तोच यानं खजिनदारांच्या सासूबाईंना खांबाआड गाठून विचारलं, "आजी, टाके आडवे होते की उभे?" आजी आठवडाभर आमच्याशी बोलल्या नाहीत. लग्नपत्रिका म्हणू नका, मिठाईच्या खोक्याचं झाकण म्हणू नका, हाती लागेल त्यावर हा आतड्यांचे नकाशे काढतो. मला एकदा म्हणाला, "काकू, साधं पोट म्हणजे आपलं जयपूरचं जुनं शहर, पट्टीनं आखलेले सरळ रस्ते. कापून जोडलेलं पोट, मतलब, आमेरच्या किल्ल्याखालच्या वाकड्यातिकड्या गल्ल्या. जोरात घुसलं ना, तर भिंतच फाटते."

पण खरी गंमत गच्चीवर. अवघड पेशंट असला की आदल्या संध्याकाळी हा झाडांना पाणी घालायचा हिरवा पाइप गच्चीवर अंथरतो, त्या माणसाच्या आतड्याला असतील तशी वळणं देऊन, आणि त्याच्या कडेकडेनं अनवाणी चालत जातो. वळणापाशी थांबतो, डोळे मिटतो, मनगट फिरवतो, पुन्हा चार पावलं मागं येतो. मी पापड वाळत घातलेले असले तर म्हणतो, "काकू, पापड लिव्हरच्या जागेवर आलेत." मी चिडते, बडबडते, आणि मुकाट सरकवते. कारण त्या वेळचा त्याचा चेहरा बघितला की देवघरात उभं राहिल्यासारखं वाटतं, बाई!

गेल्या हिवाळ्यात तो पाइप ह्यांच्यासाठी अंथरला गेला. हुडहुडी भरून ताप, डोळे पिवळेजर्द. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. आणि ह्यांचं अर्धं जठर तरुणपणीच अल्सरपायी अकोल्यात कापून टाकलेलं. तेव्हा आतडं कसं जोडलं त्याचा कागद कुठाय, असं त्यानं विचारलं. भोपाळहून इकडे बदली झाली तेव्हा त्या फाइलीतले कागद मी लोणच्याच्या बरण्यांना गुंडाळले होते. बरण्या शाबूत पोचल्या, कागद रद्दीत गेले. आम्हा बदलीवाल्या बायकांचं हे असंच, आधी बरण्या!

स्कॅनमध्येही पुरतं उमगेना. पोट उघडायचं तर ह्यांच्या हृदयाला झेपेल की नाही ही धास्ती, म्हणून दुर्बीणच घालायचं ठरलं. जुन्या जोडापाशी आतडं फाटू शकतं, हे त्यानं आधीच स्पष्ट सांगितलं. त्या संध्याकाळी त्यानं पाइप दोन तऱ्हांनी अंथरला, "असं असेल, नाहीतर असं," आणि मला एक टोक धरायला लावलं. ते ह्यांचं जठर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बाहेर आला. "काकू, खडा निघाला नाही. जोडापाशी आतडं फाटलंय, माझ्या हातून. सर्जन आत गेलेत, आता पोट उघडावंच लागेल."

'कॉम्प्लिकेशन झालं' वगैरे काही नाही. माझ्या हातून! खोटं कशाला सांगू, त्या क्षणी त्याचं तोंडही बघू नये असं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी माझं मलाच खायला उठलं. "अरे, माझ्यामुळं झालं! मी तो कागद बरण्यांना गुंडाळला!"

तो माझ्यासमोर फरशीवर उकिडवा बसला. "कागद असता तरी हात माझाच होता ना, काकू." एवढं बोलून पुन्हा आत गेला.

सर्जननी फाटलेलं शिवलं, खडाही काढला. ह्यांच्या हृदयानं निभावून नेलं. पंधरा दिवस आम्ही दवाखान्यात होतो, आणि हा सकाळ-संध्याकाळ यायचा. पोटातल्या नळीतून काय येतंय ते वाकून स्वतः बघायचा, माझ्या शेजारी बसून गार झालेला चहा प्यायचा. चूक तोंडावर कबूल करायची आणि रोज त्याच माणसांसमोर येऊन उभं राहायचं, एवढी छाती मी तरी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

हे आता ठणठणीत आहेत. सकाळी फिरायला जातात, येताना भाजीवाल्याशी हुज्जत घालतात. वरचाही अजून दुसऱ्यांनी नाकारलेली पोटं घेतोच. फक्त जिन्यानं येता-जाता आमच्या दाराशी थांबायची एक सवय त्याला लागलीय. "काका?" एवढंच विचारतो. मी स्वयंपाकघरातून ओरडते, "अरे, बरे आहेत ते! किती दिवस विचारशील, वेड्या?" "हां काकू," म्हणतो, आणि आतून ह्यांचा आवाज येईपर्यंत दारातून हलत नाही.