सुलेखा साळवेचे रविवार

सुलेखा साळवे मूळची नगरची, मराठी ख्रिस्ती घरातली. नवरा निशिकांतला सिंगापूरला नोकरी लागली, म्हणून ती बुकित बातोकला राहायला आली आणि तोआ पायोहच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघू लागली. निशिकांत निम्मा महिना जकार्ताला असायचा. घरात ती आणि आठ वर्षांची जाई, दोघीच.

तिचं ऑपरेशन झालं तेव्हा नात्यातलं कुणी जवळ नव्हतं. ब्लॉकमधल्या शुभदाकाकूंनी तिला रोज डबा पोचवला, जाईला शाळेतून आणलं. त्यांचे यजमान दीनानाथ ओहोळ बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या फ्लॅटवर रविवारी काही कुटुंबं उपासनेला जमत. सुलेखा तिथे जाऊ लागली ती उपकाराच्या ओझ्याने, आणि राहिली ती माणसांच्या ओढीने.

दीनानाथकाका प्युरिटन लोकांबद्दल भरभरून बोलत. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंड सोडून, समुद्र ओलांडून अमेरिकेच्या रानात वसाहत करणारी ती माणसं. "ते नाताळसुद्धा करत नसत," काका सांगत. "रविवारी काम नाही, खेळ नाही. शेजाऱ्याचं पाप दिसलं तर झाकायचं नाही. कोण तरणार हे देवाने आपल्या जन्माआधीच ठरवलंय. आपण फक्त स्वतःत त्याच्या खुणा शोधायच्या. आपणही इथे परक्या मुलखातच आहोत. तसंच राहायचं."

सुलेखा खुणा शोधू लागली. बस चुकली, की आज आपण काय केलं? जाईला खोकला झाला, की कुणाच्या पापामुळे? वीज कडाडली की हातातलं काम टाकून ती उभी राहायची. नाताळात जाईने शाळेतून कागदाची चांदणी करून आणली, ती सुलेखाने तिच्यादेखत फाडली. निशिकांत रविवारी मॅच बघतो हेही तिने एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं. नवऱ्याच्या रागापेक्षा देवापासून लपवण्याची भीती मोठी होती.

एका रविवारी उपासनेनंतर जाई हट्टालाच पेटली. "Everyone go cycling, Aai. Only me cannot. Please lah." तिचा चेहरा बघून सुलेखाला राहवलं नाही. दोघी ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठच्या बागेत गेल्या. भाड्याच्या सायकलवर जाई मोठ्याने हसत पुढे गेली, वळणावर घसरली आणि पडली. मनगट मोडलं, हनुवटीला टाके पडले. हॉस्पिटलमध्ये पोर कळवळत होती आणि सुलेखाच्या डोक्यात एकच घोळत होतं: देवाने पाहिलं.

तिने स्वतःच शुभदाकाकूंना सांगितलं. पुढच्या रविवारी मायलेकींना सर्वांसमोर उभं केलं.

दीनानाथकाकांनी आवाज चढवला नाही. "देवाने हात मोडला, जीव नेला नाही. ही त्याची दयाच." मग ते जाईकडे वळले. "बाळा, तुला काय वाटतं, देवाने तुला निवडलंय का?"

जाईने आईकडे पाहिलं. "I don't know, Uncle."

"मनात काहीच खूण नाही?"

"Not chosen means go where?"

काकांनी सांगितलं. तिथली आग कधी विझत नाही, हेही सांगितलं. कुणीच मधे पडलं नाही. जाईच्या फ्रॉकखालून ओघळ आला आणि फरशीवर पसरला.

सुलेखाने तिला उचललं. शुभदाकाकू फडकं घेऊन आल्या, खाली बसून फरशी पुसू लागल्या, आणि मान वर न करता पुटपुटल्या, "जा. परत येऊ नकोस."

लिफ्टची तार तुटेल असं वाटून सुलेखा जिन्याने उतरली. पोरीचा प्लास्टरमधला हात सांभाळत, तिला कडेवर घेऊन.

संध्याकाळी काकांचा सगळ्या मंडळींना निरोप गेला, की सुलेखाशी कुणी बोलायचं नाही, जेवायला बसायचं नाही. निशिकांत परतला तेव्हा तिने सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "मला आधी का नाही बोललीस?"

"तू त्या घरी जाऊन भांडशील आणि तुझं विमान पडेल असं वाटायचं," ती म्हणाली. तो हसला नाही.

त्यांनी घर बदललं. जाई कितीतरी दिवस झोपण्याआधी पाठ उघडी करून विचारायची, "आई, बघ ना, कुठे खूण आहे का?" सुलेखा बघायची आणि म्हणायची, "तीळ आहे. माझ्यासारखा." हळूहळू तिने विचारणं सोडलं.

परवा तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांसमोरच्या दुपारच्या गर्दीत, कुणीतरी सुलेखाच्या मागच्या टेबलाशी, तिच्याकडे पाठ करून बसलं. आवाजावरून कळलं, शुभदाकाकू.

"वळू नकोस," त्या म्हणाल्या. "एवढंच सांग. तिथून गेल्यावर तुमचं काही वाईट झालं का गं?"

"नाही, काकू. अजून तरी नाही."

तोंडातून निघून गेलेला तो 'अजून' सुलेखालाच टोचला. "नाही झालं," ती पुन्हा म्हणाली, या वेळी जरा मोठ्याने. "काकू, तुम्हीही या ना माझ्याकडे."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सुलेखाने वळून पाहिलं. काकू उभ्या होत्या, पर्स छातीशी धरून. त्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि मग हलक्या आवाजात पत्ता विचारला.