गार्डकाकांच्या मागे जीप

आमचे गार्डकाका आजवर कुठेही पहिले पोचलेले नाहीत, आणि हे कुणी त्यांना ऐकवलं तर ते तो अपमान मानत नाहीत, हुद्दा मानतात. उभी नोकरी त्यांनी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढली. पुढे कुठेतरी नजरेपलीकडे इंजिन, मध्ये कोळशाने भरलेल्या वाघिणींची न संपणारी रांग आणि सगळ्यात मागे एका कडक बाकावर एकटे काका, तेही तोंड मागच्या बाजूला करून. "मले कोनतंच गाव येतांना दिसलं नाई पोरी," ते सांगायचे, "सगळे जातांनाच दिसले." निवृत्तीनंतर डबा सुटला, जागा मात्र सुटली नाही. वरातीत ते सगळ्यांच्या मागे, मयतीत मागे, देवळाच्या पायऱ्यांवर मागे. लग्नात जेवायला बसायचे ते शेवटच्या पंगतीला. सिनेमा सुटला की खुर्च्यांखाली वाकून कुणाची छत्री, कुणाचा रुमाल राहिला आहे का ते बघायचे आणि मगच बाहेर यायचे. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात वऱ्हाडाची बस निघून गेली आणि काका कार्यालयातच राहिले. कारण विचारलं तर म्हणाले, "कोनी मागं राहिलं तर नाई, ते पाहून राहिलो होतो."

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, बूढापारा या जुन्या मोहल्ल्यात, आमची आणि त्यांची भिंत एकच. गल्लीतले जुने लोक त्यांना गार्डसाहेब म्हणतात, त्यामुळे नव्या भाडेकरूंना ते गल्लीचे पहारेकरी वाटतात. कुरिअरवाले सगळ्या गल्लीची पार्सलं त्यांच्याकडे ठेवून जायचे. काकांनी एकदाही कुणाचा गैरसमज दूर केला नाही. संध्याकाळी दारोदार फिरून ती पोचती करायचे, आणि वर "पाकीट थोडं फाटलेलं आलं होतं, माझ्याकडे फाटलं नाई," हेही सांगायचे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, घरी कुणी मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देऊन मोकळी होणारी. माझ्या आई-बाबांनी ते चालवून घेतलं, काकांनी नाही. मी हिंदीत काही सांगितलं की ते कानावर हात ठेवून "आँ? काय म्हनते?" असं विचारत राहायचे, आणि मी तेच मराठीत म्हटलं की लगेच त्यांना स्वच्छ ऐकू यायचं. मी मुळातच कमी बोलते. त्यातलं जे थोडंफार मराठीत बोलते, ते काकांच्या त्या खोट्या बहिरेपणामुळे.

त्यांच्या सहनशक्तीला अंत नव्हता. दुधाच्या रांगेत ते उभे राहिले की त्यांचा नंबर कधीच यायचा नाही, कारण मागून कुणी जरा घाईत दिसलं की ते बाजूला सरकून त्याला पुढे जाऊ द्यायचे. आई म्हणायची, "अहो, तुमचं दूध संपेल." त्यावर काका म्हणायचे, "एक्सप्रेस आली की मालगाडीनं बाजूच्या लायनीवर उभं राहावं लागते वहिनी. आपन गेलो काय, थांबलो काय, कोळसा थोडीच नासते?" दूध नासतं, हे आईने त्यांना पुष्कळदा सांगून पाहिलं.

ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या मुलाने हैदराबादहून त्यांना एक गिअरची सायकल पाठवली होती. जाड टायरची, डोंगरात चालवायची. त्या सायकलला पुष्कळ गिअर होते आणि काकांनी त्यातल्या एकालाही कधी हात लावला नाही. "ते डायव्हरचं काम," ते म्हणायचे. "माझ्या हातात नोकरीभर फक्त ब्रेक होता." ब्रेक मात्र ते असा लावायचे की बघत राहावं. सायकल थांबली हे सायकललाही कळायचं नाही. सगळा घोटाळा मान वळवण्याचा होता. ते सायकलवर बसले की चार पायडल मारून मागे बघायचे, पुन्हा चार पायडल, पुन्हा मागे. गेल्या पावसाळ्यात बूढातलावाच्या कडेने असेच मागे बघत जाताना ते सरळ एका गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यावर जाऊन आदळले. चिंचेचं पाणी, पुऱ्या, काका आणि सायकल असं सगळं एकत्र रस्त्यावर आलं. ठेलेवाला ओरडायला लागला, पण काकांनी पडल्या पडल्या त्यालाच विचारलं, "मागून काही येऊन तर नाई राहिलं ना?" तो इतका गोंधळला की त्यानेही वळून मागे पाहिलं.

मनगटाला प्लास्टर लागलं आणि हैदराबादहून फोन आला. काकू जाऊन आता काही वर्षं झाली. तेव्हापासून काका घरात एकटे. दादा (त्यांच्या मुलाला मी दादा म्हणते) हिंदीत बोलतो, आणि त्या दिवशी तो इतक्या मोठ्याने बोलत होता की भिंतीपलीकडे आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "बस हुआ बाबा. घर को ताला लगाओ और यहाँ आओ. आप साइकिल पर बैठने लायक नहीं रहे." काकांनी त्याला सगळं बोलू दिलं. मग म्हणाले, "लायक आहे का नाई, ते पाहून घेऊ."

प्लास्टर निघालं तेव्हा थंडी सुरू झाली होती आणि चौकात एक मोठा फलक लागला होता: शहराबाहेरच्या टेकड्यांवर सायकलशर्यत, नवशिक्यांसाठी वेगळा गट, तीन फेऱ्या. काकांनी दादाला फोन लावला. "ही रेस मी पूरी केली तर तू मले पुन्हा हैदराबादचं नाव नाई सांगशील. नाई केली तर कुलूप लावून येतो तुयासंग." दादा हसला, हो म्हणाला, आणि मग त्याला शंका आली. "पर मुझे बताएगा कौन? आप तो कुछ भी बोलोगे." म्हणून मला फोन आला. "तू जा उनके साथ. तू झूठ नहीं बोलती." मी खोटं बोलत नाही हे खरं आहे, पण त्याचं कारण फार थोर नाही. खोटं बोलायला जास्त बोलावं लागतं.

शर्यतीच्या सकाळी मैदानात गुडघ्याला पट्टे, डोळ्याला रंगीत काचा लावलेली तरुण मंडळी वॉर्म-अप करत होती. काका स्वेटर, कानटोपी आणि त्यावर भाड्याचं हेल्मेट अशा वेषात सगळ्यांच्या मागे उभे. गळ्यात शिट्टी अडकवलेल्या आयोजकाने नियम सांगितले. बारा वाजता ट्रॅक बंद होणार आणि त्यानंतर जो आत असेल त्याला जीप उचलून आणणार. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी घड्याळाकडे. जीपमध्ये बसले की हैदराबाद, एवढं आम्हा दोघांना समजत होतं. शिट्टी वाजली, लाल मुरमाची धूळ उडाली, सगळे गेले. काका जागेवरच. मी घाबरून ओरडले, "काका, सुरू झालं!" ते म्हणाले, "हव, दिसून राहिलं मले," आणि मागे वळून मैदान रिकामं झाल्याची खात्री करून मग सायकलवर बसले.

पहिल्या फेरीत ते बरे चालले होते. दुसऱ्या फेरीत पुढे गेलेले स्पर्धक फेरी मारून त्यांच्यामागून येऊ लागले आणि "साइड! साइड!" असं ओरडू लागले. अरुंद वाट, दोन्हीकडे झुडपं. दुसरा कुणी असता तर त्याने सायकल थोडी कडेला घेतली असती. काका प्रत्येक वेळी खाली उतरायचे, सायकल पूर्ण बाजूला घ्यायचे, हात वर करून आलेल्याला वाट मोकळी असल्याचं दाखवायचे, तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहायचे आणि मग पुन्हा बसायचे. चढावर ते सायकल ढकलत नेत होते. उतारावर ब्रेक असा धरून येत होते, की ती सायकल उतरते आहे की विचार करते आहे ते कळू नये. वाटेत जळाऊ लाकडं घेऊन निघालेल्या बायका थांबल्या होत्या. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "धीरे जाबे बबा, गिर झन जाबे!" हळू जा, पडू नका म्हणणाऱ्या तिलाही काकांनी थांबून नमस्कार केला.

तिसऱ्या फेरीला काका गेले तेव्हा बाकीचे सगळे येऊन पोचले होते. बक्षिसं सुरू झाली. पोह्यांच्या प्लेटी फिरू लागल्या. बारा वाजून गेले आणि जीप टेकडीमागे गेली. मी एका दगडावर उभी राहून बघत होते. बऱ्याच वेळाने वळणावर काका दिसले, सायकलसह, आणि त्यांच्या मागे जीप. जीपमध्ये ते बसले नव्हते! पण दोघंही थांबलेले. थोडं पुढे आले, पुन्हा थांबले. आयोजक कपाळावर हात धरून म्हणाला, "ये कर क्या रहे हैं?" तेव्हा मी चढ चढून वर गेले.

भांडण इतक्या गोडीत चाललं होतं की ते भांडण आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला.

"अंकल, नहीं बैठना तो आप चलिए ना. थोड़ा ही बचा है," जीपमधला तरुण म्हणत होता.

"नाई नाई, आधी तुम्ही. आपकी गाड़ी बड़ी है."

"हमको पीछे ही रहना है अंकल. झंडियाँ, रस्सी, सब समेटते हुए आना है."

"पीछे तो मैं रहता हूँ," काका शांतपणे म्हणाले.

मला पाहून ते म्हणाले, "तूच सांग यायले. मागं गाडी उभी आहे, मी कसा जाऊ? पाठीत खुपून राहिलं मले." त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि दुखऱ्या मनगटाला त्यांनी रुमाल गुंडाळला होता. खाली शेवटच्या रेषेवरच्या, हवेने फुगवलेल्या कमानीचा पंप बंद केला होता आणि ती हळूहळू बसायला लागली होती. अनोळखी माणसांसमोर मला बोलता येत नाही. पण आता काही बोलले नाही तर हे दोघं संध्याकाळपर्यंत इथेच उभे राहतील, हे मला दिसत होतं.

"काका," मी म्हणाले, "आज मागं राहायची ड्यूटी त्यांची आहे. तुम्ही दुसऱ्याच्या ड्यूटीत काहून घुसता?"

काकांनी तरुणाकडे नीट पाहिलं. "आपकी ड्यूटी है?"

"हाँ अंकल, मेरी ही है."

"तो पहले बोलना था न बापा!" आणि ते सायकलवर बसले.

त्यानंतर त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. मी बाजूने पळत होते. काका समोर बघत सायकल चालवत आहेत हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे मोठे झाले होते. "अवो पोरी," ते धापा टाकत म्हणाले, "समोरून तर सगळं अंगावरच येते!" कमान तोवर छातीइतकी खाली आली होती. काकांनी मान खाली घातली आणि तिच्याखालून सायकल बाहेर काढली. पोहे खाणाऱ्यांपैकी काहींनी प्लेट काखेत धरून टाळ्या वाजवल्या. आयोजक म्हणाला, "टाइम तो निकल गया था अंकल, पर मज़ा आ गया."

दादाचा फोन आला तेव्हा काका चाकातला काटा काढत बसले होते, म्हणजे तसं दाखवत होते.

"सच बोल. पूरी की?"

"पूर्ण केली," मी म्हणाले.

"जीप में नहीं बैठे?"

"नाही. जीप मागे होती."

"टाइम के अंदर?"

"नाही. वेळ संपली होती. लोक जेवत होते. पण वेळेचं तुमचं काही ठरलं नव्हतं."

मग तो हसला, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा मी त्याला मराठीत बोलताना ऐकलं. "बरं. राहू दे बाबाले तिथंच."

काटा तेवढ्यात निघाला.

त्या हिवाळ्यात काका गल्लीत थोडे ताठ चालले. पार्सलं पोचवताना शर्यतीची गोष्ट सांगायचे, आणि त्या गोष्टीत जीप दरवेळी थोडी आणखी मागे पडायची. एकदा रेल्वे फाटकावर आम्ही उभे होतो, मालगाडी गेली, तर तिच्या शेपटाला माणसाचा डबाच नव्हता, फक्त गार्डच्या जागी बसवलेली दिव्याची एक डबी लुकलुकत होती. मला वाईट वाटलं. काका म्हणाले, "बरं झालं. डबीले थंडी नाई वाजत."

उन्हाळा लागायच्या आत एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "मी हैदराबादले जाऊन राहिलो वहिनी. कायमचा."

आईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "अहो, पण तुम्ही तर जिंकलात!"

"म्हनून तर जाऊन राहिलो. हारलो असतो तर पोट्टा मले घेऊन गेला असता. आता मी माया मी जातो." मग म्हणाले, "पोट्टा रोज फोन करते. काही विचारत नाई, नुसता माया आवाज आयकते. थकून गेला तो, वहिनी."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अन् तू काहून अशी गप्प?"

मी म्हणाले, "मी तर नेहमीच गप्प असते."

"हव," ते म्हणाले, "पन आज येगळी गप्प आहे."

त्यांना थांबवायला माझा एक शब्द पुरला असता. आलेल्याला वाट करून देण्यात त्यांनी जन्म घालवला होता. मी "राहा ना, काका" म्हटलं असतं तर त्यांनी हैदराबाद बाजूला काढून ठेवलं असतं आणि कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नसता. म्हणून मी म्हटलं नाही. मी आत जाऊन चहा टाकला, आणि तो उकळेपर्यंत तिथेच उभी राहिले. बाहेर काका आईला सांगत होते की हैदराबादला मुलाच्या घराजवळ एक टेकडी आहे आणि ती समोरून कशी दिसते, ते आता एकदा पाहायचं आहे.