आत घेतलेली काकू

“आदी आत घ्या, मग बघू,” हे आमच्या कंडक्टरकाकांचं वाक्य. नगर–मनमाड रस्त्यावर त्यांनी एसटीत उभी हयात काढली. दारात लोंबकळणारा माणूस असो की कोंबड्यांची पाटी, आधी आत. तिकीट, जागा, भांडण, सगळं नंतर.

निवृत्तीनंतर ते कोल्हारला आमच्या शेजारी राहायला आले आणि वर्षभरात काकू गेल्या. कॅमेरा दिसला की बाजूला सरणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील, काकू त्यातल्या. मुलीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये त्या एकदाच दिसत, अक्षतांचं ताट घेऊन, अगदी डाव्या कडेला. जावयानं त्या कॅसेटची सीडी करून दिली, आपला जुना कॉम्प्युटर काकांच्या त्याहून जुन्या टीव्हीला जोडला आणि तो पुण्याला निघून गेला.

मी गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. काका आले. “बाई, टीव्हीवर ही दिसंना.”

मी कामांची यादी केली. वायर बदलली. कॉम्प्युटरच्या चित्राचं माप, म्हणजे रिझोल्यूशन, उतरवलं, तेव्हा अक्षरं थरथरायची थांबली. भडक रंग कमी केले. वऱ्हाडी ओळखू येऊ लागले, काकू मात्र नाहीत. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्या अख्ख्या होत्या, टीव्हीवर नुसती ताटाची कड. जुने टीव्ही चित्राच्या कडा थोड्या चौकटीआड ढकलतात, आणि चित्र आक्रसून घ्यायची सोय कॉम्प्युटरच्या जुन्या व्हिडिओ कार्डात नव्हती. कॉम्प्युटरवरच बघा, म्हटलं.

“हितं लई बारीक हाय,” काका म्हणाले. “आन् ह्यो टीव्ही तिनंच पसंत केल्ता.”

मग त्यांनी बाजारातला मेकॅनिक आणला. त्यानं मागचं झाकण काढून आतला एक स्क्रू फिरवला, तसं सगळं चित्र उजवीकडे सरकलं. डावीकडे काळी पट्टी आणि तिला लागून काकू, ताटासकट. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता पांढरा डाग. शूटिंगचा लाईट अंगावर येताच त्यांनी मान वळवली होती आणि चेहरा त्या उजेडात पुसला गेला होता.

“आत तर आली,” काका म्हणाले. “चेहऱ्याचं मग बघू.”

त्या दिवसापासून बातम्या देणाऱ्या बाईंचा उजवीकडचा खांदा कायमचा गेला. क्रिकेट बघायला येणारे शेजारी अर्ध्या धावफलकाला कंटाळून यायचे थांबले. दिवाळीला मुलगी आली, तिनं सीडी पाहिली.

“आप्पा, माझ्याच लग्नात मी न्हाई व्हय?”

“तू हायेस की समोर.”

दर सोमवारी काका क्लासच्या दारात येत. “बाई, चेहऱ्याचं?” मी दोन-तीन उपाय करून पाहिले, डाग आणखी फाटला. जे कॅसेटवर उतरलंच नाही ते कुठून आणणार, हे मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या सोमवारी पुन्हा आले.

काका गेले त्या उन्हाळ्यात मुलीनं घर रिकामं करायला घेतलं. टीव्ही समाजमंदिराला द्यायचा ठरला. तिच्या सांगण्यावरून कामांची यादी मीच केली. चौथं काम : टीव्हीचं चित्र मध्ये घेणे.

तोच मेकॅनिक आला. चित्र तपासायला मुलीनं हाताशी असलेली तीच सीडी लावली. स्क्रू फिरू लागला. उजवीकडून नवरी आत आली. डावीकडे आधी तो पांढरा डाग गेला, मग कोपर, मग ताट.

मेकॅनिकनं विचारलं, “बास?”

मी बास म्हटलं आणि चौथ्या कामावर रेघ मारली.