चन्नबसप्पा मास्तरांचा समुद्र

समुद्र ज्या मुलखाने कधी स्वप्नातही पाहिला नाही, त्या कळंबच्या शाळेत चन्नबसप्पा मास्तरांनी उभी हयात समुद्र शिकविला. राज्य निजामाचे, म्हणून तोही उर्दूतून. मांजरा नदीपलीकडे दुसरे पाणी ठाऊक नसलेल्या पोरांकडून ते भरती-ओहोटीचा धडा ‘मद्दो-जजर’ अशा भारदस्त नावाने घोकून घेत. आपण स्वतः समुद्र पाहिलेला नाही, ही गोष्ट त्यांना खुपत असे. परंतु त्याहून अधिक खुपणारी गोष्ट निराळी होती.

लग्नाला वीस वर्षे उलटली, तरी शरणम्मेशी, म्हणजे स्वतःच्या धर्मपत्नीशी, एकांतात चार मोकळे शब्द बोलण्याचा योग त्यांना आलेला नव्हता. घरात थोरले बंधू महालिंगप्पा, आडतीचे मालक, वहिनी गंगम्मा, आणि सर्वांच्या डोक्यावर विधवा आत्या रुद्रम्मा. वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याने बायकोशी बोलू नये, हा त्या घराचा दंडक. मीठ हवे असले तरी मास्तर भिंतीकडे पाहून म्हणत, “भाजीत मीठ कमी हाय,” आणि मीठ येई. बाहेर निघाले की शरणम्मा दोन-चार पावले मागे. मनुष्याच्या पाठीला डोळे नसल्यामुळे मास्तरांनी बायको फारशी पाहिली नाही. फरशीवर वाजणारी तिची जोडवी तेवढी ऐकली.

सन पंचेचाळीसच्या दिवाळीपूर्वी मास्तर काही कामाने बार्शीला गेले असता तेथे रत्नागिरीकडचे एक शिक्षक भेटले. त्यांनी आपल्या खारवली गावाचे असे काही वर्णन केले की मास्तर हातातला चहा विसरले.

“पत्नीला घेऊन एकदा याच,” ते गृहस्थ म्हणाले. “पुळणीवरून पार टोकापर्यंत चालत जा. होडीतून खाडी ओलांडा. एका शहाळ्यातलं पाणी दोघांनी प्या, आणि सूर्य बुडेपर्यंत खडकावर बसून राहा. आमच्याकडे आलेल्या जोडप्याला याहून दुसरं काम नसतं हो.”

याहून दुसरे काम नसणे, ही कल्पनाच मास्तरांना भोवली.

आता घरी सांगावे कसे? ‘बायकोला वारा खायला नेतो’ असे म्हणणारा पुरुष आमच्या मुलखात बाईलबुद्ध्या ठरतो. म्हणून मास्तरांनी आपली सारी विद्वत्ता पणाला लावली आणि जेवणाच्या वेळी जाहीर केले, “खारवलीला समुद्राकाठी महादेवाचं जागृत ठाणं हाय. जोडीनं दर्शन घेतलं तर पुण्य लागतं म्हणतेत. जाऊन यावं म्हणतो.”

हीच त्यांची घोडचूक. सहलीला आपल्याकडे कोणी कोणाला विचारीत नाही. परंतु यात्रेचे पुण्य एकट्याने लाटण्याची सोय कोणत्याच घरात नाही.

“चन्नू, माझ्या मनातलं बोललास बघ!” रुद्रम्मांनी पदराने डोळे टिपले. “म्या आता किती दिसाची सोबतीण? म्हादेवानंच तुझ्या तोंडून बोलावणं धाडलंय.”

“आत्याबाई, वाट लांबची. तुमचे लई हाल होतील.”

“हाल न्हाईत तर पुण्य कुठलं रं?”

महालिंगप्पांनी ताटात हात धुतला. “आत्या निघाली म्हणल्यावर मला यावंच लागंल. आन् मी निघालो की ही मागं राहून काय करंल?” वहिनी तोवर चटणीसाठी शेंगदाणे भाजायला उठल्याही होत्या.

दारामागून शरणम्मा ताटे उचलायला आली. जाता जाता पुटपुटली, “देवाचं नाव कशाला काढलाव? माझं माहेर सांगायचं. तिकडं कुणी आलं नसतं.”

बरोबर होते. पण आता उपयोग काय?

मोटार, मग ती खेळण्यातल्यासारखी लहान आगगाडी, मग मोठी गाडी, पुन्हा मोटार, असे करीत हे पाच जणांचे पुण्यवान लटांबर खारवलीला पोचले. देवळाच्या गुरवाने आपल्या पडवीत उतरवून घेतले. गावभर मासळी वाळत घातलेली. रुद्रम्मांनी नाकाला लावलेला पदर मुक्काम हलेपर्यंत खाली आला नाही. महालिंगप्पांनी गुरवाला पहिला प्रश्न विचारला, “हितं ज्वारी पिकत न्हाय? मग मानसं खातेत काय?” समुद्राकडे त्यांनी एकदा पाहिले आणि म्हणाले, “एवढं पानी, आन् पिकाला कवडीच्या कामाचं न्हाय!”

मास्तरांच्या मनात मात्र बार्शीचे ते बोल घोळत होते. खाडी ओलांडायची ठरली, तेव्हा महालिंगप्पांनी परस्पर व्यवस्था लावली: बायका एका होडीत, पुरुष दुसरीत. ऐन खाडीत दोन्ही होड्या जवळून गेल्या. शरणम्मेने मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी भावाकडे पाहिले आणि मान फिरविली. शहाळ्यांची गत तीच. “दोघांत एक कशापायी? उष्टं व्हतंय,” असे म्हणून आत्याबाईंनी प्रत्येकाच्या हाती वेगळे शहाळे दिले, आणि पाच जणांनी भिंतीला पाठ टेकून, औषध घ्यावे तसे ते संपविले. सूर्यास्ताचे तर विचारूच नये. आत्याबाईंची सायंपूजा नेमकी त्याच वेळी. लिंगापुढे संतांची कन्नड वचने म्हणणार कोण? घरातला शिकलेला माणूस! मास्तर रोज समुद्राकडे पाठ करून वचने म्हणत, आणि त्यांच्या पाठीमागे सूर्य बुडून जाई.

उद्या निघायचे, अशी शेवटची संध्याकाळ आली. दिवे लागायला वेळ होता. मास्तर उठले आणि पडवीच्या भिंतीला म्हणाले, “मी जरा पुळणीवर जाऊन येतो.”

भिंतीशी बोललेले कोणाला पोचते, हे वीस वर्षांत ठरून गेले होते. शरणम्मेने पितळी तांब्या उचलला. “आत्याबाई, एवढा तांब्या घासून आनते. हितल्या रेतीनं चांगला निघतोय.”

रेतीवर जोडवी वाजत नाहीत, हे मास्तरांच्या ध्यानात आले नाही. ती मागे आहे, एवढे गृहीत धरून ते पुढे चालत राहिले, आणि पुढे पाहतच, आयुष्यात पहिल्यांदा, बोलू लागले.

“त्या घरात मी भिंतीशी जे जे बोललो, ते समदं तुझ्याशीच बोललो. मीठ माग, पानी माग, ह्ये नुसतं निमित्त. तू नसतीस तर त्या घरात मी एक दिवस काढला नसता. ह्ये सांगायलाच तुला एवढ्या लांब आनलं, आन् सोबत ही वरात आली.” ते थांबले. उत्तर आले नाही, म्हणून वळले.

शरणम्मा नेहमीच्या अंतरावर, काखेत तांब्या आणि कानाशी हात धरून उभी होती.

“काय म्हनलाव?” ती ओरडली. लाटेने तेही अर्धे गिळले.

“काई न्हाय!”

“आँ?”

मग तिने पदर खोचला, आणि जे वीस वर्षांत घडले नव्हते ते घडले: ती झपझप पुढे आली आणि नवऱ्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल अशी उभी राहिली. “हं, आता बोला. तितनं काई सुदिक ऐकू येईना.”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिले. एवढ्या जवळून चेहरा दिसल्यावर मघाचे एकही वाक्य जिभेवर येईना.

“वारा लई हाय म्हणलं.”

“इश्श! ह्येच सांगायला एवढे हातवारे करीत हुता व्हय?” ती हसली, पण मागे सरकली नाही. सूर्य पाण्याला टेकत होता. “जरा उभं ऱ्हाऊ,” ती म्हणाली. “मग सांगा, सवडीनं.”

तेवढ्यात पडवीकडून हाक आली, “चन्नूऽऽ! वचन कोन म्हननार रं?”

शरणम्मेचा हात आपसूक डोक्यावरच्या पदराकडे गेला. मास्तर वळले. ती दोन-चार पावले मागे झाली.

पुढे अठ्ठेचाळीस साली निजामशाही बुडाली. शाळेतले ‘मद्दो-जजर’ जाऊन ‘भरती-ओहोटी’ आली. घराच्या दंडकाला मात्र कोणत्याही सरकारने हात लावला नाही. रुद्रम्मा देह ठेवून शिवैक्य झाल्या, आणि महालिंगप्पांनी वेगळी चूल मांडली. एके सकाळी मास्तर आणि शरणम्मा दोघेच मांजरेकडे निघाले. गल्ली रिकामी होती. मागे जोडवी वाजत होती. मास्तर थबकले, जोडवीही थबकली.

“आता कुणाची भीती हाय?” मास्तर न वळता म्हणाले. “ये की शेजारी.”

“कशाला? हितनं समदं ऐकू येतंय की,” शरणम्मा म्हणाली. “त्या दिशी पुळणीवर काय सांगत हुता? आता बोला. ऐकतेय म्या.”

मास्तरांनी घसा खाकरला. गल्लीत चिटपाखरू नव्हते, वारा नव्हता, लाट नव्हती.

“काई न्हाय,” ते समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाले. “ऊन लई हाय म्हणलं.”