हौशा आणि चपलांची रांग

आमचे बद्रीनाथकाका गावच्या दूध संस्थेत माप घ्यायचे. किटल्या ओतून घ्यायच्या, सांडलेलं फडक्यानं टिपायचं आणि कुणी दुधातल्या पाण्याचा विषय काढला की छताकडं बघायचं, एवढं त्यांचं काम. त्या सांडलेल्या दुधावर एक पिवळं कुत्रं पोसलं होतं. त्याचं नाव हौशा. दुष्काळ पडला, गावातली जनावरं कडा गावाकडच्या चारा छावणीवर गेली, दूध आटलं आणि संस्थेला कुलूप लागलं. काका आणि हौशा एकाच दिवशी बेकार झाले. काकू, म्हणजे विमलबाई, बैलजोडी आणि गाय घेऊन छावणीवरच मुक्कामाला गेल्या. मी काकांची पुतणी, भिंतीला भिंत लागून आमचं घर, त्यामुळं पुढचं सगळं मी ओट्यावर बसून पाहिलेलं आहे.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. काकांनी कुत्र्याला शिकवायला घेतलं. काकूंच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा त्यांनी एक चेंडू बांधला, कुठून तरी लाकडी खुळखुळा आणला आणि काकूंचीच एक तुटकी चप्पल घेतली. ही हौशाची खेळणी. काकूंना विचारण्याचा प्रश्न नव्हता, त्या लांब होत्या.

आधी चेंडू नाकापुढं धरून "चेंडू" म्हणायचं, मग तो थोडा लांब ठेवून "आण" म्हणायचं. आणला की भाकरीचा तुकडा. सुरुवातीला हौशा चेंडू ओलांडून सरळ भाकरीकडंच यायचा. त्यात त्याची चूक नव्हती, भाकरी काकांच्या हातात उघडीच असायची. मग त्यांनी ती खिशात ठेवली. मग चेंडू पाटीखाली अर्धा दिसेल असा, मग पुरता झाकून, मग थेट कणगीमागं. "हुडक, हौशा." कधी कधी कुठं लपवलंय ते काकाच विसरायचे आणि मग दोघं मिळून हुडकायचे. हौशाला आधी सापडायचं.

काका माणसांशी मोजकंच बोलत. त्या कुत्र्याशी मात्र दिवसभर बोलायचे. काकू गेल्यापासून त्या घरात ऐकून घेणारं दुसरं कुणी नव्हतं. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा, कारण अर्धी भाकरी खिशातून कुत्र्याच्या पोटात जात होती.

तिन्ही खेळण्यांत हौशाला चप्पल सगळ्यात प्यारी. चावून चावून काकूंच्या चपलेचा नुसता अंगठा उरला. मग काकांनी स्वतःची घेतली. ती गेली तेव्हा माझी. मी भांडायला गेले तर म्हणाले, "आगं, त्याला कळाया पायजे, चप्पल म्हंजी एकच न्हाई. लई हुशार हाय त्यो." तो खरंच हुशार होता. तिथंच घात झाला.

कारण त्या साली आमच्या गावात पाण्याचा नंबर चपलेनं लागायचा. टँकर कधी येईल याचा भरवसा नाही, उन्हात कोण उभं राहणार? प्लास्टिकची रिकामी घागर ठेवली तर वाऱ्यानं उडायची, नाहीतर चोरीला जायची. तुटकी चप्पल कोण चोरतं? आणि गावात प्रत्येकाला प्रत्येकाची चप्पल ओळखू येते. म्हणून टँकर थांबायचा त्या निंबाखाली बायका आदल्या संध्याकाळीच एकेक चप्पल ओळीनं मांडून जायच्या. भांडणं कितीही होवोत, त्या ओळीला कुणी हात लावत नसे. अशा गावात, अशा उन्हाळ्यात, कुत्र्याला चपला आणायला शिकवणारा माणूस आमच्याच घराण्यात निघावा.

एका दुपारी टँकरचा हॉर्न वाजला आणि पाठोपाठ निंबाखाली बोंब उठली. ओळ नव्हती. मी काकांच्या अंगणात डोकावले. बाजेशेजारी गावभरच्या चपलांचा ढीग पडला होता आणि हौशा त्याच्याजवळ बसून काकांच्या खिशाकडं बघत होता. काका झोपेतून उठले, ढीग बघितला आणि सवयीनं त्याला भाकरीचा तुकडा दिला.

निंबाखाली सगळ्याच बायकांची चप्पल पहिली होती. भांडण जुंपलं. ज्याच्या अंगात जोर त्याची घागर भरली. ड्रायव्हरला पुढच्या गावाची खेप होती, तो टँकर रिकामा करून गेला. पहिला नंबर खरं म्हणजे पारूबाईचा. म्हातारी एकटी राहायची, गुडघे गेलेले, म्हणून ती दिवस मावळायच्या आधीच चप्पल ठेवून यायची. त्या दिवशी ती कोरडी कळशी घेऊन घरी गेली. ते बघून मला काकांचं तोंड बघू नये असं झालं.

भिवराबाईच्या शब्दाला बायकांत मान. ती सगळ्यांना घेऊन काकांच्या अंगणात आली. "बद्री, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच ऱ्हातंय. ह्याला कड्याच्या बाजारात सोडून ये. न्हाई तर पाऊस पडंस्तवर तुझा नंबर शेवटचा."

शेवटचा नंबर म्हणजे पाणी नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटापर्यंत टँकर पुरतच नसे. काकांनी हौशाकडं बघितलं.

"शेवटचा चालंल," ते म्हणाले.

असं उत्तर कुणाच्याच हिशेबात नव्हतं. बायका आपापल्या चपला हुडकून घेऊन गेल्या.

तेव्हापासून चपलेचा नंबर बंद झाला. ज्यानं त्यानं स्वतः उभं राहायचं. पारूबाईला उभं राहणं शक्य नव्हतं. पुढच्या खेपेला काका उजाडताच तिच्या दारातली कळशी उचलून निंबाखाली सगळ्यांच्या आधी जाऊन उभे राहिले. भिवराबाई म्हणाली, "तुझा नंबर शेवटचा हाय." काका म्हणाले, "ही कळशी माझी न्हाई." ती बाजूला सरली. भरलेली कळशी पारूबाईच्या दारात ठेवून काका आपली घागर घेऊन ओळीच्या शेवटी गेले आणि कोरडीच घेऊन परत आले. पारूबाईनं कळशी आत घेतली आणि दार लावलं. ती त्यांच्याशी बोलत नव्हती.

असंच चालू राहिलं. आमच्या घरून काकांना प्यायला तांब्याभर पाणी जायचं, त्यातलं अर्धं हौशाला. अंघोळ, धुणं सगळं बंद. काका वाळत चालले होते आणि मी कुत्र्याला मनात शिव्या देत होते.

एक दिवस कळशी घेता घेता पारूबाई दारातच थांबली; काकांच्या हातात त्यांची रिकामी घागर होती आणि मागं हौशा धापा टाकत होता. "कुत्र्याला पाणी हाय का?"

"हाय की, मावशी."

"कावून खोटं बोलतो? त्याची जीभ बघ." तिनं कळशीतलं तांब्याभर पाणी काकांच्या घागरीत ओतलं. "हे कुत्र्याचं हाय. तू हात लावू नको."

पुढच्या खेपेला दोन तांबे ओतले. मग अर्धी कळशी. कळशी तिची एकच होती.

"लई पितंय तुझं कुत्रं," ती म्हणायची.

"उन्हाळा हाय, मावशी," काका म्हणायचे.

एकदा काकांनी त्या पाण्यात सदरा धुतला आणि कुडावर वाळत घातला. पारूबाई काठी टेकत आली आणि सदऱ्यासमोर उभी राहिली.

"कुत्रं सदरा कवापासून घालाया लागलं?"

काका वर आभाळाकडं बघायला लागले. ती त्यांना वरपासून खालपर्यंत बघत राहिली.

"त्याला सांग," ती म्हणाली, "धोतरबी लई मळलंय. उद्या जरा जास्त देते."