बिनतेलाचे दोन महिने

“तेल बंद केलं ना, की आकडा आपोआप उतरतो. माझ्या साडूचा उतरला.”

सोसायटीच्या बाकावर बाबांशेजारी बसलेले काका सांगत होते. मी लिफ्टसाठी पाठमोरी उभी होते. आकडा पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीचा, हे मला माहीत होतं. बाबांचा रिपोर्ट इंग्रजीत आला होता आणि आमच्या घरात इंग्रजी कागद माझ्याकडे येतो. “थोडा वाढलाय, डॉक्टरांनी बायोप्सी सांगितलीय,” एवढंच मी सांगितलं होतं. प्रोस्टेट हा शब्द गिळला होता. वडिलांसमोर तो कसा उच्चारायचा, हे माझ्या शाळेत शिकवलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी बाबांनी जाहीर केलं, “उद्यापासून फोडणी बंद.”

“आणि बांगडा?” आईने विचारलं.

“उकडून.”

“अहो, उकडलेला बांगडा मांजरही हुंगणार नाही.”

पण तिने उकडला. खोबऱ्याचं वाटणही बंद झालं. पूर्वी ऑफिसमधून आले की आज काय केलंय ते मला जिन्यातच कळायचं. आता आमच्या दाराला वासच उरला नाही. तेलाचा पाच लिटरचा डबा आईने माळ्यावर टाकला आणि अर्ध्या लिटरची बाटली आणली, तीही संपेना.

बाबा मात्र खुश होते. दोन महिन्यांत चार किलो उतरले, पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं. सकाळी चालायला येणारे सगळे त्यांना “झकास” म्हणत. बायोप्सीची तारीख तेवढी दोनदा पुढे गेली. दोन्ही वेळा हॉस्पिटलला फोन मी केला. मला अनोळखी माणसांशी बोलायला नको वाटतं, पण इंग्रजीत मी फार नम्र वाटते, म्हणून असे फोन माझ्याकडे येतात. दोन्ही वेळा मी छान, नम्र आवाजात बाबांची तपासणी पुढे ढकलली.

दुसऱ्या फोननंतर मला स्वतःचाच राग आला. घसा दुखतोय असं सांगून मी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी घसा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजीत विचारलं, तेल सोडून प्रोस्टेटचा कॅन्सर टळतो का? इंग्रजीत तो शब्द सहज आला.

त्यांनी मराठीत उत्तर दिलं. “हा आजार पुरुषी हार्मोनवर वाढतो. चरबीचा हार्मोनवर परिणाम होतो, म्हणून लोक तेलाला धरतात. अभ्यास झालेत, पण त्यांचं एकमत नाही. कमी खाताहेत, वजन उतरलंय, चांगलंच आहे. हृदयाला तर नक्कीच. पण आत काय आहे ते बायोप्सीच सांगेल. बांगडा सांगणार नाही.”

मी घशाची गोळी घेऊन घरी आले. तिसरी तारीख मंगळवारची होती.

शनिवारी जेवताना बाबा म्हणाले, “तो फोन करून टाक गं. म्हणावं, पुढच्या महिन्यात बघू.”

मी ताट बाजूला सारलं आणि नंबर लावला. रिंग वाजत असतानाच म्हटलं, “बाबा, तेल नका खाऊ. मलाही सवय झालीय. पण तेल सोडल्याने तपासणी होत नाही. मी डॉक्टरांना विचारलंय.”

“तू विचारलंस?” आई म्हणाली. तिला तेच जास्त नवल वाटलं.

बाबांनी भाताचा घास कालवला आणि तसाच ठेवला. माझ्याकडे न बघता, हळू आवाजात त्यांनी विचारलं, “आणि निघालं काही तर?”

दोन महिने आम्ही सगळे या एका प्रश्नाभोवती उकडलेलं खात होतो.

“तर लवकर कळेल. मी बरोबर असेन.”

मग त्यांनी मान हलवली. एवढीशीच, पण हो अशी.

पलीकडून मुलीचा आवाज आला, इंग्रजीत. मी या वेळी मराठीत बोलले, बाबांना प्रत्येक शब्द ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

“मंगळवारी सकाळी प्रोस्टेटची बायोप्सी आहे, माझ्या वडिलांची. तारीख बदलायची नाही. आम्ही येतोय.”